खिशातला साक्षीदार

चव्वेचाळिसाव्या वर्षी माणसाने नवा छंद लावून घेऊ नये, असे जाणते लोक सांगतात. त्या वयात जुने छंदच नीट निभत नाहीत; आणि नवा छंद जर खर्चाचा असेल, तर तो घरात आणताना माणसाची अवस्था चोरीचा माल लपविणाऱ्यासारखी होते. दोन वर्षांपूर्वी मी एक लहानसा कॅमेरा विकत घेतला, तेव्हा माझी अवस्था काही निराळी नव्हती. कॅमेरा एवढासा, की सदऱ्याच्या खिशात मावावा. परंतु त्याची पावती मात्र अशी वजनदार, की ती मी तीन आठवडे कपाटातल्या जुन्या वेतनपत्रकांखाली दडपून ठेवली होती. शेवटी ती सापडलीच. ती हातात धरून सौभाग्यवती एवढेच म्हणाली, "एवढ्या पैशांत केवढा मोठा आला असता!"

कचेरीतल्या एका स्नेह्याने विचारलेला प्रश्न याहून अवघड होता. "अहो, मोबाइल आहे ना तुमच्याजवळ? त्यात कॅमेरा आहे ना? मग हे आणखी कशाला?" त्या वेळी मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न रास्त होता, आणि रास्त प्रश्नाचे उत्तर न दिल्याची टोचणी सरकारी नोकरालासुद्धा लागते. आज ते उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. आकाशवाणीवरून कोणत्याही मालाची जाहिरात करू नये, असा संकेत आहे. म्हणून या कॅमेऱ्याच्या कारखानदाराचे नाव मी घेणार नाही. श्रोत्यांपैकी जे जाणकार आहेत ते वर्णनावरून ओळखतील, आणि इतरांचे नावावाचून काही अडणार नाही.

प्रथम या यंत्रात काय नाही ते सांगतो, कारण ती यादी मोठी आहे. त्याला डोळा लावून पाहण्याची खिडकी नाही. अंधारात लखकन उजळणारा फ्लॅशचा दिवा नाही. दूरचे जवळ आणणारे भिंग नाही; जे भिंग आहे ते एकच, आणि जुन्या हिशेबाने अठ्ठावीस मिलिमीटरचे, म्हणजे समोरचा बराच विस्तार एकदम कवेत घेणारे. ते बदलताही येत नाही. एवढ्या उणिवा असलेल्या वस्तूला एवढी किंमत का, असे कोणीही विचारील. तिचे मर्म आतल्या सेन्सरमध्ये आहे. पूर्वी जे काम फिल्म करी, ते आता सेन्सर करतो. बहुतेक मोबाइलमध्ये तो बोटाच्या नखाएवढा असतो. माझ्या कॅमेऱ्यात तो सुमारे साडेतेवीस मिलिमीटर लांब आणि साडेपंधरा मिलिमीटर रुंद, म्हणजे एखाद्या लहानशा टपाल तिकिटाएवढा आहे. आमच्या छत्तीसगढला भाताचे कोठार म्हणतात, तेव्हा उदाहरणही पावसाचेच देतो. आषाढातल्या सरीत अंगणात एक वाटी ठेवली आणि शेजारी एक परात ठेवली, तर परातीत पाणी अधिक साठणार हे सांगावयास शास्त्रज्ञ नको. प्रकाशाचेही तसेच आहे. मोबाइल आपली वाटी लहान आहे हे जाणतो, म्हणून तो एका क्षणात अनेक चित्रे टिपतो, त्यांची गणिती बेरीज करतो आणि रात्रीचाही दिवस करून दाखवितो. हे चातुर्य मोठेच आहे. परंतु मला कित्येकदा रात्र रात्रीसारखीच हवी असते. भिलाईच्या वसाहतीत संध्याकाळी जो एक धूसर, किंचित तांबूस काळोख उतरतो, तो उजळून निघाला तर उरलेच काय?

दुसरा गुण चपळपणाचा. बटण दाबल्यापासून सेकंदाच्या आत हा कॅमेरा जागा होतो. त्याला अगोदरच सांगून ठेवता येते, की दोन मीटरवरची वस्तू स्पष्ट घे. मग तो विचार करीत बसत नाही. अंगठा आणि तर्जनी एवढ्यांवर सारा कारभार चालतो. मात्र एक अट आहे. भिंग दूरचे ओढून आणीत नसल्यामुळे चित्र हवे असेल तर स्वतःच दोन पावले पुढे जावे लागते. ही अट प्रथम मला केवळ तांत्रिक वाटली होती. ती तशी नव्हती, हे मला एका चहावाल्याने शिकविले. पण ते पुढे सांगेन.

लहान कॅमेऱ्याची ही वासना नवी नाही. १८८८ साली अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन याने शंभर चित्रांची फिल्म आधीच भरलेला कोडॅक बाजारात आणला. फिल्म संपली की गिऱ्हाईकाने सारा कॅमेराच कारखान्याकडे परत धाडावयाचा. जर्मनीत वेट्झलार गावच्या लाइट्झ कारखान्यात ऑस्कर बार्नाक नावाचा एक कारागीर होता. त्याला दम्याचा विकार होता. काचेच्या जड पट्ट्या आणि तिपाई घेऊन डोंगर चढणे त्याला झेपत नसे. त्याने चित्रपटाची पस्तीस मिलिमीटरची फिल्म आडवी चालविणारा एक चिमुकला कॅमेरा पहिल्या महायुद्धापूर्वी स्वतःसाठी बनविला, आणि १९२५ साली तो लायका या नावाने विक्रीस आला. एका माणसाचा दमा सगळ्या जगाच्या पथ्यावर पडला! फ्रान्सच्या आंरी कार्तिए-ब्रेसाँ याने असाच लायका घेऊन निम्मे जग पायांखाली घातले. १९४८ च्या जानेवारीत दिल्लीत गांधीजींच्या अखेरच्या दिवसांची आणि त्यांच्या अंत्ययात्रेची जी चित्रे त्याने टिपली, ती याच जातीच्या लहानशा यंत्राने.

लायकाची एक शाखा रशियाकडेही गेली. १९३४ पासून खारकोव्ह येथे अनाथ मुलांच्या एका वसाहतीत 'फेड' नावाचा कॅमेरा तयार होऊ लागला; तो लायकाची हुबेहूब नक्कल होता. ही हकिगत मी मुद्दाम सांगतो, कारण भिलाईचा रशियाशी असलेला संबंध श्रोत्यांना ठाऊक असेल. १९५५ साली सोव्हिएत सरकारशी करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इथल्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. माझे वडील त्यानंतर काही वर्षांनी गोंदियाहून नोकरीसाठी इथे आले. रविवारी बाजारात हिंडणाऱ्या रशियन पाहुण्यांच्या गळ्यात चामड्याच्या म्यानातले कॅमेरे असत, ही त्यांची आठवण आहे. ते पाहुणे बैलगाडीची, वांग्यांच्या राशीची, फार काय, नळावरच्या भांडणाचीसुद्धा चित्रे घेत. आणि आमच्या मंडळींना त्याचे हसू येई. सणवार नाही, लग्नकार्य नाही, मग फोटो कसला?

आमच्या घरात कॅमेरा नव्हता. शेजाऱ्यांचा 'आग्फा क्लिक थ्री' गणपतीच्या आणि दिवाळीच्या दिवशी उसना येई. एका रोळात बारा चित्रे. त्यांतली सहा शेजाऱ्यांची, सहा आमची. त्यामुळे प्रत्येक चित्रात आम्ही सारे इस्त्रीचे कपडे घालून, श्वास रोखून, सूर्याकडे तोंड करून उभे आहोत. परवा मी तो जुना अल्बम पुन्हा चाळला. आमच्या घरातील तीस वर्षे त्यात आहेत, आणि एकही साधा दिवस नाही. वडील रात्रपाळी संपवून सायकलवरून घरी येत, त्यांच्या सायकलच्या दांडीला डबा आणि डोक्यावर शिरस्त्राण असे. ते चित्र नाही. आई क्वार्टरच्या मागल्या दारी कोळशाची शेगडी पेटवी आणि धूर वळला की ती पदराने डोळे पुशी. ते चित्र नाही. दाराच्या चौकटीवर आम्हा भावंडांच्या उंचीच्या खुणा होत्या. वडील निवृत्त झाल्यावर ती क्वार्टर सोडावी लागली, आणि पुढच्या रहिवाशासाठी चौकटीला रंग दिला गेला, तो रीतीप्रमाणेच. हा कॅमेरा मी का घेतला, याचे खरे कारण ती चौकट आहे. हे मला मात्र बरेच उशिरा उमगले.

आता वडिलांना ऐंशी वर्षे झाली आहेत. आरंभी त्यांनीच माझ्या छंदाला विरोध केला. सकाळी ते खिडकीशी बसून मटार सोलीत असता मी कॅमेरा काढला, की ते म्हणत, "अरे, आज काय सण आहे? थांब, निदान सदरा तरी घालू दे." मी म्हणे, "बाबा, सण नाही म्हणूनच काढतो." हे उत्तर त्यांना पटले नाही, मात्र हळूहळू त्यांनी माझ्याकडे लक्ष देणे सोडले, आणि त्या दिवसापासून चित्रे चांगली येऊ लागली. मोबाइल पुढे केला की ते अजूनही ताठ बसतात. नागपूरच्या नातवंडांचा दूरध्वनी आला असावा, असे त्यांना वाटते.

यातच स्नेह्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. मोबाइल हे एकटे यंत्र नव्हे. त्यात माझी कचेरी आहे, बँक आहे, वर्तमानपत्र आहे आणि वरिष्ठांचे निरोप आहेत. एखाद्या झाडाचे चित्र घेण्यासाठी मी तो खिशातून काढतो, आणि त्या झाडापाशी पोचण्याआधी तीन परिपत्रके वाचून होतात. माझा हा कॅमेरा वाजत नाही, काही विचारीत नाही, कोणाचे उत्तर मागत नाही. तो हातात असताना मला फक्त पाहण्याचे काम असते. या वयात असे रिकामे, बिनहेतूचे पाहणे माणसाला क्वचितच मिळते. जगाने मात्र उलटा निर्णय दिला आहे. २०१० साली भिंग जोडलेले असे लहान डिजिटल कॅमेरे जगभर दहा कोटींहून अधिक खपले होते. २०२३ पर्यंत तो आकडा वीस लाखांच्याही खाली उतरला. जे उरले आहेत ते बहुधा माझ्यासारख्या हट्टी माणसांसाठी असलेले महागडे प्रकार आहेत.

त्यांच्यातही दोष आहेत, आणि खरेदीच्या समर्थनार्थ मी ते लपविणार नाही. माझ्या कॅमेऱ्याची विजेची साठवण तुटपुंजी आहे. दीडदोनशे चित्रांत बॅटरी मान टाकते, म्हणून दुसरी बॅटरी चष्म्याच्या घरात घालून बाळगावी लागते. वैशाखात, जेव्हा भिलाईचे रस्ते तव्यासारखे तापतात, तेव्हा मागच्या काचेवर स्वतःच्या चेहऱ्याखेरीज काही दिसत नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात धुळीचा एक कण आत शिरला, आणि पुढे महिनाभर माझ्या प्रत्येक आकाशात एकच घार घिरट्या घालीत राहिली. तो दुरुस्तीसाठी परगावी पाठवावा लागला, तेव्हा मला मुलगा वसतिगृहात पाठविल्यासारखे वाटले. आणि सर्वांत मोठा दोष यंत्राचा नव्हे, माझा. पहिल्या महिन्यात मी अकराशे चित्रे घेतली. त्यांतली ठेवण्याजोगी चौदा निघाली. बारा चित्रांचा रोळ असता तर मी अधिक विचार केला असता, हे कबूल करतो.

आता त्या चहावाल्याकडे वळतो. सुपेल्याच्या बाजाराच्या तोंडाशी त्याची हातगाडी असे. पावसाळ्यातली संध्याकाळ होती. गाडीवर निळे प्लास्टिक ताणलेले, त्यावर पाणी साचून फुगलेले; खाली स्टोव्हची निळी ज्योत, पातेल्यातून निघणारी वाफ, आणि त्या वाफेत त्याचा खाली वाकलेला चेहरा. मी कचेरीतून परतत होतो. गाडी थांबवून उतरलो, दोन पावले पुढे गेलो, आणि एकच चित्र घेतले. कॅमेऱ्याचा आवाज होत नाही. परंतु त्याने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिले. मग माझ्या पाठीमागे उभ्या असलेल्या मोटारीकडे पाहिले. मी हसलो आणि निघून गेलो. घरी येऊन पाहिले, तर दोन वर्षांत मला तसे दुसरे चित्र साधले नाही, इतके ते चांगले आले होते.

दुसऱ्या दिवशी ती हातगाडी तिथे नव्हती. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशीही नव्हती. मी सहज चालकापाशी विषय काढला, तेव्हा तो अवघडून म्हणाला, "साहेब, तुम्ही फोटो काढलात ना, म्हणून त्याने गाडी हलविली. अतिक्रमणवाले आधी फोटो काढून नेतात, मग गाडी उचलायला येतात."

श्रोतेहो, मी एम.ए.ला इतिहास घेतला होता, आणि तरीही ही गोष्ट माझ्या ध्यानात येऊ नये याची मला लाज वाटली. १८६८ ते १८७५ या वर्षांत इंग्रज सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाने आठ खंड प्रसिद्ध केले. वॉटसन आणि के हे त्यांचे संपादक. देशातल्या जातीजमातींची छायाचित्रे आणि त्यांखाली कोण राजनिष्ठ, कोण बेभरवशाचे, अशा तऱ्हेचे शेरे. ज्यांची चित्रे घेतली, त्यांना कोणी विचारले असेल असे मानावयास आधार नाही. याच सुमारास आपल्या मुंबईत दुसराही प्रवाह वाहत होता, हे खरे. १८५४ साली तिथे छायाचित्रकारांची संस्था निघाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे आद्य भारतीय छायाचित्रकारांत गणले जातात. ते आपल्याच माणसांकडे आपल्या डोळ्यांनी पाहत होते. मी स्वतःला नारायण दाजींच्या कुळातला समजत होतो. चहावाल्याने मला पाहिले ते मात्र त्या आठ खंडांच्या कुळातला म्हणून, आणि माझ्या पाठीमागे उभ्या असलेल्या सरकारी मोटारीकडे पाहता त्याचे काही चुकले नव्हते.

तो मला मागच्या गल्लीत सापडला. तिथे गिऱ्हाईक नव्हते. मला पाहताच त्याने हात जोडले आणि विचारले, "का गलती होगे, साहेब?" काय चूक झाली, असे तो मलाच विचारीत होता. मी त्याला समजावून सांगितले, की हे माझे खासगी वेड आहे, याचा सरकारशी संबंध नाही. त्याने मान डोलावली; विश्वास ठेवला नाही. तेव्हा मी कॅमेरा काढला, काचेवर ते चित्र त्याला दाखविले, आणि त्याच्या देखत पुसून टाकले. त्याची प्रत मी कोठेही ठेवली नव्हती, हे आपणांस सांगितले पाहिजे. पुसण्यापूर्वी माझे बोट क्षणभर थांबले, हेही सांगितले पाहिजे.

आठवड्याने हातगाडी मूळ जागी आली. मी मोटार दूर उभी करून चालत जाऊ लागलो. चहा घेऊ लागलो. कॅमेरा मात्र खिशातच राहू दिला. महिना लोटला असेल. एके दिवशी त्याने आपण होऊन विषय काढला. फेरीवाल्यांसाठी २०१४ साली जो कायदा झाला, त्याप्रमाणे विक्रीचे प्रमाणपत्र मिळविण्यासाठी त्याला अर्ज करावयाचा होता. अर्जाला फोटो हवा. स्टुडिओत जावे तर गाडी कोणाच्या भरवशावर सोडावी? त्याने अर्धवट हसत विचारले, की त्या यंत्राने सरकारी फोटो निघतो का?

मी त्याला समोरच्या पांढऱ्या भिंतीपाशी उभे केले. त्याने सदऱ्याची वरची गुंडी लावली, केसांवरून पाणी फिरविले, आणि आमच्या अल्बमातल्या माणसांसारखा श्वास रोखून उभा राहिला. दोन मीटरवरून मी सरळ, समोरून एक चित्र घेतले. त्यात निळे प्लास्टिक नव्हते, वाफ नव्हती, तो विलक्षण प्रकाशही नव्हता. कोणत्याही प्रदर्शनात ते कोणी लावणार नाही. मी त्याच्या सहा प्रती छापून आणल्या. दोन त्याने अर्जासाठी घेतल्या, दोन घरी नेल्या, एक गाडीच्या खणात ठेवली, आणि सहावी, "तुम्हाला राहू द्या," म्हणून मला परत दिली.

त्या दिवसापासून मी दोन नियम पाळतो. ज्याच्या दोन मीटरवर जावयाचे, त्याला आधी विचारावयाचे. आणि ज्याचे चित्र घेतले, त्याला कागदावर छापलेली प्रत नेऊन द्यावयाची. यामुळे माझी कित्येक चांगली चित्रे हुकली. विचारले की माणूस सावरून बसतो, आणि तो सावरण्यापूर्वीचा क्षण परत येत नाही. पण दिवाळीपर्यंत मी चाळीस-पन्नास घरी प्रती पोचविल्या, आणि तितक्या घरी मला चहा मिळाला, हा हिशेब तोट्याचा म्हणता येणार नाही.

माझ्या स्नेह्याला उरलेले अर्धे उत्तर मी आता देऊ शकतो. मोबाइलने हीच चित्रे निघाली असती काय? बहुधा निघाली असती. परंतु त्या खिशातल्या पाव किलोने मला पुढे दोन पावले टाकावयास लावली, आणि पुढे गेल्यावर समोरचा माणूस मला कोण समजतो हे दाखवून दिले. माझ्या पदामुळे माझ्या नजरेला एक वजन आहे, हे मला वीस वर्षांच्या नोकरीत कोणत्याही प्रशिक्षणाने सांगितले नव्हते.

ती सहावी प्रत माझ्या टेबलावर काचेखाली आहे. शेजारी वडिलांचे मटार सोलतानाचे चित्र आहे. कचेरीत येणारे लोक विचारतात, हे दोघे कोण? मी सांगतो, एक माझे वडील आणि दुसरे चहावाले. परवा वडील कचेरीत आले होते. त्यांनी बराच वेळ दोन्ही चित्रे न्याहाळली, आणि म्हणाले, "याला तरी सदऱ्याची गुंडी लावू दिलीस."